नैराश्य हा शब्द आणि नैराश्य हा विकार: मनोविकारविषयक लेखनाला ‘मेश’ची विषयशीर्षके देताना

प्रश्न असा आहे. मनोविकारशास्त्र विभागाच्या एका ग्रंथालयात पदव्युत्तर प्रबंध आणि विभागातील डॉक्टरांचे प्रकाशित लेख यांचा संग्रह संगणकावर चढवण्याचे काम चालू आहे. लेखकांनी दिलेले कीवर्ड जसेच्या तसे न ठेवता प्रत्येक नोंदीला मेडिकल सब्जेक्ट हेडिंग्ज, म्हणजे सगळे ज्याला ‘मेश’ म्हणतात, त्या सूचीतील शीर्षके द्यावीत असे तेथील ग्रंथपालांनी ठरवले आणि सुरुवातीलाच त्या अडल्या. प्रबंधांमागून प्रबंधांवर ‘डिप्रेशन’ हा कीवर्ड आहे. मेशमध्ये मात्र ‘डिप्रेशन’, ‘डिप्रेसिव्ह डिसऑर्डर’ आणि ‘डिप्रेसिव्ह डिसऑर्डर, मेजर’ अशी तीन वेगळी शीर्षके दिसतात. त्यांतले कोणते निवडायचे, मानसशास्त्राच्या प्रबंधांना मेश पुरते का, आणि मराठी शब्दांचे काय करायचे, असे त्यांनी विचारले आहे. वैद्यकीय ग्रंथालयात हे काम मी बरीच वर्षे केले आहे. पहिल्या प्रश्नाच्या पोटातच उरलेल्या दोन प्रश्नांची बरीचशी उत्तरे आहेत, म्हणून मी त्यावरच अधिक रेंगाळणार आहे.

अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने मेश १९६० साली प्रसिद्ध केले आणि त्यात दरवर्षी दुरुस्त्या होतात. आज त्यात तीस हजारांहून अधिक शीर्षके आहेत आणि ती सोळा मोठ्या गटांत वृक्षाच्या फांद्यांसारखी लावलेली आहेत. मनोविकारशास्त्र आणि मानसशास्त्र यांचा गट ‘एफ’. या गटाच्या चार फांद्या आहेत: एफ०१ मध्ये वर्तन आणि वर्तनाच्या यंत्रणा, एफ०२ मध्ये मानसिक घटना आणि प्रक्रिया, एफ०३ मध्ये मनोविकार, आणि एफ०४ मध्ये मानसोपचार, मानसशास्त्रीय चाचण्या यांसारख्या विद्याशाखा आणि त्यांची कार्यपद्धती. नव्याने काम करणारी व्यक्ती बहुधा थेट एफ०३ उघडते, कारण तेथे विकारांची नावे आहेत. अडचणीची सुरुवात तेथूनच होते.

‘डिप्रेशन’ हे शीर्षक एफ०३ मध्ये नाही. ते एफ०१ मध्ये, वर्तनातील लक्षणांच्या पोटात आहे. ‘डिप्रेसिव्ह डिसऑर्डर’ एफ०३ मध्ये, भावस्थितीच्या विकारांखाली आहे आणि ‘मेजर’ हे त्याचे अपत्य आहे. म्हणजे मेशच्या लेखी नैराश्य दोन ठिकाणी राहते: एकदा लक्षण म्हणून, एकदा विकार म्हणून. मराठीत आपण दोन्हींना नैराश्यच म्हणतो, आणि इंग्रजीत लिहिणारे डॉक्टरही बोलताना, लिहिताना दोन्हींना डिप्रेशनच म्हणतात. म्हणून लेखकाने कोणता शब्द वापरला आहे ते पाहून शीर्षक ठरवता येत नाही. लेखकाने काय मोजले आहे ते पाहावे लागते. या साऱ्या कामात मला शिकवण्यासारखी एकच गोष्ट आहे असे कोणी म्हटले, तर ती ही: शीर्षक, सारांश आणि कीवर्ड वाचून झाल्यावर पद्धतीचा भाग उघडावा आणि रुग्ण कसे निवडले, मोजमाप कशाने केले हे वाचल्याशिवाय एफ०३ मधले काहीही देऊ नये.

मोजमापाचा फरक कसा दिसतो हे पाहण्यासाठी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली घ्या, कारण आपल्याकडच्या प्रबंधांत ती फार आढळते. नऊ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांची आठवण, प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, एकूण गुण शून्य ते सत्तावीस. दहा किंवा अधिक गुण आले की पुढील तपासणी करावी असा सर्वसाधारण संकेत आहे. या प्रश्नावलीने नैराश्याची लक्षणे किती आहेत हे कळते, पण तिच्या गुणांवरून निदान झाले असे म्हणता येत नाही. निदानासाठी तज्ज्ञाची मुलाखत किंवा निदानाच्या निकषांवर बेतलेली संरचित मुलाखत लागते. एखाद्या प्रबंधात परिचर्या महाविद्यालयाच्या विद्यार्थिनींना ही प्रश्नावली दिली असेल आणि ‘इतक्या विद्यार्थिनींना डिप्रेशन आढळले’ असे लिहिले असेल, तर माझे शीर्षक ‘डिप्रेशन’ हेच राहील, लेखिकेने निष्कर्षात ‘मेजर डिप्रेशन’ असे लिहिले तरीही. त्याच विभागातला दुसरा प्रबंध बाह्यरुग्ण विभागात निदानाच्या निकषांनुसार निवडलेल्या रुग्णांवर असेल आणि त्यांना फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचे औषध दिले असेल, तर ‘डिप्रेसिव्ह डिसऑर्डर, मेजर’ आणि त्याला औषधोपचाराचे उपशीर्षक, म्हणजे विषयाची कोणती बाजू अभ्यासली हे सांगणारी जोड, तसेच ‘फ्लुओक्सेटिन’ आणि त्याला उपचारात्मक वापराचे उपशीर्षक. दोन प्रबंधांचे कीवर्ड अक्षरशः सारखे असू शकतात.

आपल्याच भागातली तीन प्रकाशित संशोधने घेतली तर ही सीमा किती वेळा धूसर होते तेही दिसेल. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत झालेला ‘विश्राम’ हा कार्यक्रम, ज्याचा अहवाल २०१७ साली प्रसिद्ध झाला, त्यात गावातील प्रौढांचे सर्वेक्षण पीएचक्यू-९ ने झाले आणि नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. येथे मी ‘डिप्रेशन’ देईन, पण ते मुख्य शीर्षक करणार की नाही याचा विचार करीन, कारण अहवालाचा खरा विषय नैराश्य नसून नैराश्य असलेला माणूस मदत मागतो का हा आहे. ‘पेशंट ॲक्सेप्टन्स ऑफ हेल्थ केअर’, ‘कम्युनिटी मेंटल हेल्थ सर्व्हिसेस’ आणि ‘रूरल पॉप्युलेशन’ यांवाचून ही नोंद अपुरी राहील. दुसरे टोक गोव्यातील ‘मानस’ या उपचारांच्या चाचणीचे, जी २०१० साली प्रसिद्ध झाली. बारा सरकारी आरोग्यकेंद्रे आणि बारा खाजगी दवाखाने यांतून २,७९६ रुग्ण घेतले गेले. चाळणी प्रश्नावलीने झाली असली तरी मुख्य निष्पत्ती संरचित मुलाखतीवरून काढलेल्या, आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीतील निदानांवर मोजली गेली. येथे ‘डिप्रेसिव्ह डिसऑर्डर’ आणि ‘अँग्झायटी डिसऑर्डर्स’ देण्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तिसरी चाचणी याच दोन टोकांच्या मध्ये अडकते. गोव्यातच झालेला ‘हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्रॅम’, २०१७ साली प्रसिद्ध, दहा प्राथमिक आरोग्यकेंद्रांतील ४९५ रुग्ण. निवड पीएचक्यू-९ च्या चौदाहून अधिक गुणांवर, पण हे सगळे दवाखान्यात आलेले रुग्ण, त्यांना उपचार म्हणून मानसोपचार दिला गेला आणि लेखकांनी त्याला तीव्र नैराश्य म्हटले. मी येथे ‘डिप्रेसिव्ह डिसऑर्डर’ आणि त्याला उपचाराचे उपशीर्षक देईन, ‘मेजर’पर्यंत खाली उतरणार नाही. एखाद्या सहकाऱ्याने ‘डिप्रेशन’ दिले तर मी वाद घालणार नाही, मात्र ज्या ग्रंथालयात दोघे काम करतात तेथे असा निर्णय एकदाच घेऊन वहीत लिहून ठेवावा, असा आग्रह धरीन. एकाच प्रकारच्या लेखाला सोमवारी एक आणि गुरुवारी दुसरे शीर्षक मिळाले, तर शोधणाऱ्याच्या हाती अर्धाच संग्रह लागतो आणि अर्धा राहिला हे त्याला कळतही नाही.

नियमाला एक गमतीशीर अपवाद आहे. ‘डिप्रेशन, पोस्टपार्टम’ या शीर्षकात शब्द ‘डिप्रेशन’ असला तरी ते एफ०३ मध्ये, ‘डिप्रेसिव्ह डिसऑर्डर’खाली बसवलेले आहे. बाळंतपणानंतरच्या नैराश्यावरचे बहुतेक अभ्यास एडिनबरो मापनश्रेणीवर, म्हणजे बाळंतिणींतील नैराश्याची लक्षणे मोजणाऱ्या प्रश्नावलीवर, उभे असतात. गोव्यातील मातांवर झालेला आणि २००२ साली प्रसिद्ध झालेला, गरिबी आणि मुलगी जन्मल्यावरची नाराजी यांचा संबंध तपासणारा अभ्यासही तिचा वापर करतो. मापनश्रेणी लक्षणांचीच असली, तरी येथे अधिक नेमके शीर्षक उपलब्ध असल्यामुळे तेच द्यावे लागते. नेमके शीर्षक असताना व्यापक शीर्षक देऊ नये, हा मेशचा मूळ नियम आहे आणि तो लक्षण-विकार या विवेकाच्या वर चालतो.

हीच सीमा इतरत्रही आहे. ‘अँग्झायटी’ भावनांमध्ये, एफ०१ मध्ये; ‘अँग्झायटी डिसऑर्डर्स’ एफ०३ मध्ये. परीक्षेपूर्वीची, शस्त्रक्रियेपूर्वीची, दंतवैद्याच्या खुर्चीवरची चिंता पहिल्याकडे जाते. ज्याला आपण मराठीत मंत्रचळ म्हणतो त्याच्या बाबतीत तर तीन दारे आहेत: वारंवार हात धुण्याचे वर्तन केवळ वर्तन म्हणून अभ्यासले असेल तर ‘कंपल्सिव्ह बिहेविअर’, निदान झालेला विकार असेल तर ‘ऑब्सेसिव्ह-कंपल्सिव्ह डिसऑर्डर’, आणि काटेकोरपणाचा अतिरेक हा त्या माणसाचा स्वभावच असेल तर ‘कंपल्सिव्ह पर्सनॅलिटी डिसऑर्डर’. दारूच्या बाबतीत ‘अल्कोहोल ड्रिंकिंग’ हे वर्तन आहे आणि ‘अल्कोहोलिझम’ हा विकार आहे. या दोहोंच्या मध्ये घातक प्रमाणातील मद्यपान नावाचा एक मोठा प्रदेश आहे. गोव्यातील समुपदेशनाच्या एका चाचणीत ऑडिट या मद्यपानाविषयीच्या प्रश्नावलीवर बारा ते एकोणीस गुण असलेले पुरुषच घेतले होते, म्हणजे व्यसनाधीन ठरलेले नव्हे तर त्या वाटेवरचे. त्यांना ‘अल्कोहोलिझम’ देणे म्हणजे डॉक्टरांनी न केलेले निदान ग्रंथपालाने करणे होय. मी ‘अल्कोहोल ड्रिंकिंग’ मुख्य धरीन आणि ‘कौन्सेलिंग’ सोबत देईन.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. मेश म्हणजे निदानपुस्तिका नव्हे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या निदानपुस्तिकेची पाचवी आवृत्ती २०१३ साली आली आणि मेशमधील एफ०३ ची बरीच पुनर्रचना तिच्या वळणाने झाली: न्यूरोडेव्हलपमेंटल डिसऑर्डर्स, न्यूरोकॉग्निटिव्ह डिसऑर्डर्स, ट्रॉमा अँड स्ट्रेसर रिलेटेड डिसऑर्डर्स अशा फांद्या दिसू लागल्या. बायपोलर विकारही भावस्थितीच्या विकारांतून बाहेर काढून स्वतंत्र फांदीवर ठेवला गेला. त्यामुळे ‘मूड डिसऑर्डर्स’ एवढेच शोधून बायपोलरचे लेख मिळतील असे समजणारे आता फसतात. पण सूची सगळीकडे निदानपुस्तिकेमागे गेलेली नाही. त्या आवृत्तीने मंत्रचळाचा विकार चिंताविकारांपासून वेगळा केला, तरी मेशच्या वृक्षात तो ‘अँग्झायटी डिसऑर्डर्स’च्या पोटात आहे. १९८० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने न्यूरोसिस ही कल्पना निदानातून बाजूला सारली, तरी ‘न्यूरोटिक डिसऑर्डर्स’ हे शीर्षक सूचीत टिकून आहे. याचे कारण सरळ आहे: निदानपुस्तिका आजच्या रुग्णासाठी असते, तर विषयसूचीला जुने साहित्यही सांभाळावे लागते. एखाद्या प्राध्यापकांनी ‘हे शीर्षक कालबाह्य आहे, काढा’ असे म्हटले तर त्यांना नम्रपणे एवढेच सांगावे की शीर्षक लेखासाठी आहे, रुग्णासाठी नाही.

त्याच कारणाने शीर्षकाचे जन्मवर्ष पाहण्याची सवय लावावी. ‘डिप्रेसिव्ह डिसऑर्डर, मेजर’ हे २००३ साली आले. त्याआधीचे तीव्र नैराश्यावरचे लेख व्यापक शीर्षकाखालीच आहेत. नवे शीर्षक आले म्हणून जुन्या नोंदी पुन्हा वाचून कोणी त्यांना ते लावलेले नाही. आपल्या संग्रहात जुने प्रबंध असतील तर मात्र ही अडचण आपल्याला नाही, कारण आपण आज बसून सगळ्यांना आजची शीर्षके देऊ शकतो. लहान संग्रहाचे हे सुख मोठ्या सूचीला नाही.

आता उपशीर्षकांबद्दल थोडे. ‘सायकॉलॉजी’ या उपशीर्षकाचा मानसशास्त्राच्या प्रबंधांना जितका उपयोग आहे तितका दुसऱ्या कशाचाही नाही, आणि नेमके तेच विसरले जाते. स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांची मनःस्थिती हा विषय असेल तर ‘ब्रेस्ट निओप्लाझम्स’ला सायकॉलॉजी हे उपशीर्षक द्यायचे, स्वतंत्र ‘सायकॉलॉजी’ हे शीर्षक द्यायचे नाही, कारण ते विद्याशाखेचे नाव आहे, अमुक विद्यापीठात मानसशास्त्र कसे शिकवतात यासाठीचे. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला सांभाळणाऱ्या आई-वडिलांवरचा प्रबंध मी एकदा निव्वळ ‘स्किझोफ्रेनिया’खाली टाकला होता, कारण शीर्षकातला पहिला शब्द तोच होता. दोन वर्षांनी काळजीवाहकांवर काम करणारी एक विद्यार्थिनी आली, तिला तो मिळाला नाही आणि तिने तशाच विषयावर पुन्हा आखणी केली. ‘केअरगिव्हर्स’ला सायकॉलॉजी हे उपशीर्षक देऊन मी ती नोंद दुरुस्त केली, पण तोवर त्या मुलीची मेहनत फुकट गेलेली होती. अभ्यासाचा विषय कोण आहे, रुग्ण की त्याच्याजवळ बसलेला माणूस, हे पद्धतीच्या भागातच कळते.

‘मेंटल हेल्थ’ या शीर्षकापासून जरा सावध राहावे. आपल्याकडे मनोविकार म्हणायला संकोच वाटतो म्हणून ‘मानसिक आरोग्य’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. दवाखान्याच्या पाटीवर ती योग्यच आहे, पण शीर्षक म्हणून ती दिशाभूल करते. मेशमध्ये ‘मेंटल हेल्थ’ हे मनाच्या सुस्थितीचे शीर्षक आहे. विकारांवरच्या प्रबंधाला विकाराचे शीर्षक द्यावे, सेवांवरच्या प्रबंधाला ‘मेंटल हेल्थ सर्व्हिसेस’ द्यावे. तिन्ही ठिकाणी एकच शीर्षक दिले की ते कोणाच्याच उपयोगाचे राहत नाही.

आत्महत्येचा विषय वेगळ्याने घेतो, कारण विदर्भातील शेतकरी आत्महत्यांवरचे प्रबंध आपल्या संग्रहात असणारच. ‘सुइसाइड’ एफ०३ मध्ये नाही. ते एफ०१ मध्ये, स्वतःला इजा करण्याच्या वर्तनाखाली आहे आणि समाजशास्त्राच्या गटातही आहे. हे अगदी योग्य आहे, कारण आत्महत्या ही घटना आहे, निदान नव्हे. कर्ज, नापिकी, कीटकनाशकाची सहज उपलब्धता यांवर लिहिलेल्या प्रबंधात मनोविकाराची तपासणी केलेलीच नसेल, तर ‘असणारच’ असे गृहीत धरून ‘डिप्रेसिव्ह डिसऑर्डर’ जोडू नये. ‘सुइसाइड’, ‘फार्मर्स’, ‘ॲग्रिकल्चर’, ‘पेस्टिसाइड्स’, ‘इंडिया’ एवढे पुरे. प्रयत्न आणि विचार यांना ‘सुइसाइड, अटेम्प्टेड’ आणि ‘सुइसाइडल आयडिएशन’ ही वेगळी शीर्षके आहेत. ती गोळा करून एकाखाली टाकू नयेत. या रचनेचा परिणाम शोधणाऱ्यावरही होतो. पबमेड या वैद्यकीय लेखांच्या शोधस्थळावर ‘मेंटल डिसऑर्डर्स’ हे शीर्षक दिले की त्याखालच्या सगळ्या फांद्या आपोआप येतात, पण आत्महत्या येत नाही, ‘डिप्रेशन’ येत नाही, मानसिक ताणाचे ‘स्ट्रेस, सायकॉलॉजिकल’ही येत नाही. सर्व मनोविकारांचा आढावा घेतला असे लिहिणारे कितीतरी जण हा अर्धा प्रदेश न पाहताच परत आलेले असतात. नैराश्यावर शोध घ्यायचा असेल तर ‘डिप्रेशन’ आणि ‘डिप्रेसिव्ह डिसऑर्डर’ दोन्ही ‘किंवा’ने जोडून घ्यावीत, हे वाचकांना काउंटरवरच सांगावे.

भूगोलाबद्दल एक वाक्य: मेशमध्ये ‘इंडिया’ आहे, ‘महाराष्ट्र’ नाही, म्हणून जिल्हा आणि राज्य यांसाठी आपल्या नोंदीत स्वतंत्र रकाना ठेवावा. वयोगटांबद्दलही एकच: लेखक ज्यांना युवक म्हणतात त्यांचे वय पाहून ‘ॲडोलेसंट’ म्हणजे तेरा ते अठरा आणि ‘यंग ॲडल्ट’ म्हणजे एकोणीस ते चोवीस यांत वाटणी करावी, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत बहुधा दोन्ही लागतात.

‘आता हे सगळे यंत्र करते, मग आपण कशाला?’ असे विभागप्रमुखांनी विचारल्याचेही या ग्रंथपालांनी लिहिले आहे. त्यांचे म्हणणे निराधार नाही. नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनमध्ये २००२ पासून संगणक शीर्षके सुचवत होता आणि माणूस ती तपासत होता. २०२२ पासून मेडलाइन या तेथील लेखसूचीतील सर्व नोंदींना शीर्षके संगणकच देतो आणि माणसे निवडक नोंदी तपासतात. पूर्वी महिने लागत, आता दिवसाच्या आत काम होते. पण ती प्रणाली शीर्षक आणि सारांश वाचते, पूर्ण लेख नाही, आणि मी वर ज्यावर एवढा भर दिला तो फरक सारांशात पुष्कळदा नसतोच. सारांशात लेखकाने शब्द वापरलेला असतो. मोजमाप मागच्या पानांवर असते. लेखकांना म्हणून मी सांगतो की निदान कशाने केले, कोणती प्रश्नावली, किती गुणांची मर्यादा, हे सारांशात एका वाक्यात लिहा. मग माणूस असो वा यंत्र, योग्य शीर्षक देईल. आपल्या प्रबंधांचे सारांश तर बरेचदा मार्गदर्शकाने घाईत सही केलेले असतात. तेथे पद्धतीचा भाग उघडून पाहणारा माणूस हवाच.

मानसशास्त्राच्या प्रबंधांना मेश पुरते का, या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर: रुग्णालयाशी संबंधित सगळ्यांना पुरते, शुद्ध मानसशास्त्राला तोकडे पडते. अध्ययनाचे सिद्धांत, व्यक्तिमत्त्वाची मोजमापे, औद्योगिक मानसशास्त्र या क्षेत्रांत अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचा शब्दकोश, म्हणजे तिची विषयशीर्षकांची सूची, अधिक बारकाईने शीर्षके देतो. तो १९७४ साली प्रथम निघाला, आणि त्या संस्थेची लेखांच्या सारांशांची सूची तर १९२७ पासूनची आहे. तेथेही नैराश्याची वाटणी आहेच, पण शब्दांत उघड केलेली: ‘मेजर डिप्रेशन’ हा विकार आणि कंसात ‘भावना’ असा खुलासा जोडलेले ‘डिप्रेशन’ हे वेगळे. मला ही पद्धत जास्त प्रामाणिक वाटते, कारण वृक्ष न उघडताही वाचकाला फरक कळतो. तरी एका लहान संग्रहात दोन सूच्या एकाच रकान्यात मिसळू नयेत. मेश मुख्य ठेवावे आणि मानसशास्त्र विभागाच्या प्रबंधांना दुसऱ्या रकान्यात दुसरी सूची द्यावी. मापनश्रेणीचे मराठी रूपांतर करून तिची विश्वसनीयता तपासणारे प्रबंध आपल्याकडे पुष्कळ असतील. त्यांच्यासाठी मेशमध्येच ‘सायकोमेट्रिक्स’, ‘रिप्रोड्युसिबिलिटी ऑफ रिझल्ट्स’ आणि ‘सर्व्हेज अँड क्वेश्चनेअर्स’ हे त्रिकूट उत्तम चालते आणि विकाराचे शीर्षक तेथे दुय्यम राहते.

राहिले मराठी शब्द. मेशच्या प्रत्येक शीर्षकाला एक कायमचा क्रमांक असतो: ‘डिप्रेशन’चा डी००३८६३, ‘डिप्रेसिव्ह डिसऑर्डर’चा डी००३८६६, ‘मेजर’चा डी००३८६५, ‘स्किझोफ्रेनिया’चा डी०१२५५९. नाव बदलले तरी क्रमांक बदलत नाही. पूर्वी ‘मेंटल रिटार्डेशन’ असलेले शीर्षक आज ‘इंटलेक्च्युअल डिसॅबिलिटी’ आहे आणि क्रमांक डी००८६०७ हाच आहे. म्हणून मराठी शब्दांची यादी करताना ती शीर्षकाच्या नावाला न जोडता क्रमांकाला जोडावी. मतिमंद, बुद्धिमांद्य, बौद्धिक अक्षमता हे तीन शब्द तीन पिढ्यांनी वापरलेले आहेत. पहिला आता आपण माणसाला उद्देशून वापरणार नाही, पण जुन्या प्रबंधाच्या मुखपृष्ठावर तो छापलेला आहे आणि तो टंकून शोधणाऱ्यालाही प्रबंध मिळायला हवा. तिन्ही शब्द डी००८६०७ कडे वळवावेत, पडद्यावर मात्र तिसराच दिसावा. परिभाषेसाठी भाषा संचालनालयाचा मानसशास्त्र परिभाषा कोश हाताशी असावा, पण तेवढ्यावर थांबू नये, कारण कोशातले शब्द आणि प्रबंधातले शब्द वेगळे असतात. स्वमग्नता, छिन्नमनस्कता, स्मृतिभ्रंश, मंत्रचळ हे शब्द सरळ वळवता येतात.

काही शब्द मात्र सरळ वळवता येत नाहीत. ‘टेन्शन’ हा शब्द प्रश्नावलीच्या उत्तरांत जागोजागी येतो. तो ताण असेल, चिंता असेल, नैराश्यही असेल, त्यामुळे यादीत त्याच्यापुढे एकच क्रमांक लिहू नये, ‘लेख पाहून ठरवावे’ अशी सूचना लिहावी. ‘नैराश्य’ या शब्दापुढेही हीच सूचना असावी. सर्वांत जपून हाताळायचा शब्द म्हणजे ‘अंगात येणे’. मनोविकार विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षात आलेल्या आणि डिसोसिएटिव्ह विकाराचे, म्हणजे भान किंवा स्वतःची ओळख तुटण्याच्या विकाराचे, निदान झालेल्या स्त्रियांवरचा प्रबंध असेल तर ‘डिसोसिएटिव्ह डिसऑर्डर्स’ द्यावे. पण एखाद्या विद्यार्थ्याने जत्रेत, देवळाच्या आवारात वारे येणाऱ्या बायकांच्या मुलाखती घेतल्या असतील, कोणाचेही निदान केले नसेल, उलट त्या बायकांना गावात मान कसा मिळतो हेच लिहिले असेल, तर ‘रिलिजन अँड सायकॉलॉजी’, ‘सेरेमोनिअल बिहेविअर’ आणि ‘कल्चर’ ही शीर्षके पुरतात. मार्गदर्शक मनोविकारतज्ज्ञ आहेत आणि प्रबंध मनोविकार विभागात सादर झाला आहे, एवढ्या कारणाने त्या बायकांना एफ०३ मध्ये नेऊ नये.